वेड वॉर्ड : स्पर्धेत उतरणारा बँजोवाला शेतकरी



आज ज्या माणसाची ओळख करून देणार आहे, त्याचं नाव फळ्यावर लिहिलं की वर्गात खसखस पिकते. वेड वॉर्ड. मुलं लगेच विचारतात, कसलं वेड हो सर? मी सांगतो, बँजोचं. आणि गंमत म्हणजे हे उत्तर खोटं नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ कोपऱ्यात हा शेतकरी जन्मला, तिथेच राहिला, तिथेच वारला. वाजवणं हे त्याचं पोट भरण्याचं साधन कधीच नव्हतं. पण गावच्या स्पर्धेत तो बँजो घेऊन उतरायचा आणि पुष्कळदा पहिला यायचा. आज जुन्या पद्धतीचा बँजो शिकणारा जगातला कुठलाही हौशी माणूस केव्हा ना केव्हा त्याच्या धुनांपाशी येऊन थांबतोच.

आपल्या मुलांना आपण सतत कुठल्या ना कुठल्या स्पर्धेला पाठवत असतो. चित्रकला, वक्तृत्व, समूहगान, काय नाही! म्हणून या माणसाची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली.

आधी वाद्याबद्दल थोडं, कारण इथे घोटाळा होतो. आपल्याकडे बेंजो म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गणपतीची मिरवणूक किंवा लग्नाची वरात. गळ्यात अडकवलेलं, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, कर्ण्यातून दणदणणारं वाद्य. ते बुलबुल तरंगाचं भावंड. त्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. अमेरिकन बँजो निराळा. खंजिरीसारखी गोल चौकट, तीवर ताणलेलं कातडं, लांब दांडी आणि पाच तारा. त्यातली पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्यावरच बाजूला बसवलेली असते. ती तार अंगठ्याने वाजवतात आणि तिचा सूर सहसा बदलत नाही. एकतारीचा सूर जसा गाण्याच्या मागे टणटणत राहतो, तसं काहीसं समजा.

हे वाद्य गोऱ्यांचं नाही, हे मुलांना आवर्जून सांगावं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी ते अमेरिकेत घडवलं, भोपळ्याच्या खोबणीवर कातडं ताणून. पश्चिम आफ्रिकेत आजही अकोंटिंग नावाचं तसंच वाद्य आहे, त्यालाही अंगठ्याची आखूड तार आहे आणि नखाने वरून खाली आघात करून ते वाजवतात. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियावर लिहिलेल्या पुस्तकातही या वाद्याचा आणि ते आफ्रिकेतून आल्याचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकात ते गोऱ्या वादकांनी उचललं, मग कारखान्यांत बनू लागलं आणि डोंगरातल्या घराघरांत पोचलं. वेड वॉर्डच्या घरीही असंच पोचलं.

बेंजामिन वेड वॉर्ड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८९२ चा. गाव इंडिपेंडन्स, काउंटी ग्रेसन. काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. नकाशात पाहिलंत तर व्हर्जिनियाच्या नैऋत्य टोकाला, नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेला टेकून हा मुलूख आहे. ब्लू रिजचे डोंगर, मधून वाहणारी न्यू रिव्हर, उतारावरची शेतं. घर पीच बॉटम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी. या ओढ्याचं नाव लक्षात ठेवा, कारण त्याच नावाची एक धून वेडकाका वाजवायचे. आपल्या ओढ्याच्या नावाची धून आपल्याच हाताने वाजवायला मिळणं, याचा मला तर हेवा वाटतो.

घरात वाजवणं होतंच. थोरला भाऊ क्रॉकेट वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा, म्हणजे भाऊ कमी आणि काका जास्त. वेड अकरा वर्षांचा असताना बँजो हातात धरायला शिकला आणि सोळाव्या वर्षी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण नाचाच्या चालींवर वाजवलं की त्याला तिकडे फिडल म्हणतात. शिकला म्हणजे वही-पेन्सिल घेऊन नव्हे. मोठी माणसं वाजवत असताना शेजारी बसायचं, हाताकडे बघायचं, घरी येऊन खटपट करायची. नोटेशन नाही, परीक्षा नाही. आपल्याकडे भजनी मंडळात पखवाज असाच उचलला जातो ना!

तरुणपणी दोघे भाऊ मिळून वाजवू लागले. पुढे बक माउंटन बँड नावाच्या एका ताफ्यातही वेड होते. पण पोटाला शेती. आणि शेतीच्या जोडीला एक फार मजेदार काम ते कितीतरी दशकं करत राहिले, ते म्हणजे लिलावाच्या ठिकाणी वाजवण्याचं. त्या भागात जमिनीचे, घरांचे जाहीर लिलाव व्हायचे. बोली लावायला माणसं जमायला हवीत, आणि जमलेली टिकायला हवीत. म्हणून लिलाववाले वादक बोलवायचे. बँजो सुरू झाला की आजूबाजूची मंडळी काय चाललंय ते पाहायला यायची, गर्दी झाली की बोली सुरू. आठवडी बाजारात औषध विकणारा आधी डमरू वाजवतो, तसलाच प्रकार.

या कामाने वेडकाकांच्या हाताला काय दिलं असेल, याचा विचार करा. उघड्यावर, ध्वनिक्षेपक नसताना, लक्ष दुसरीकडे असलेल्या माणसांसमोर वाजवायचं. तिथे नाजूक कारागिरी कुणाला ऐकू येणार? ताल मात्र पक्का हवा, धून पहिल्या दोन ओळींत ओळखू यायला हवी. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली की नेमकं हेच जाणवतं. एकही सूर उगाच नाही, घाई नाही, आणि ताल असा की पाय आपोआप हलतो.

वाजवण्याची त्यांची पद्धत क्लॉहॅमर. खिळे उपटायच्या हातोडीची मागची वाकडी बाजू आठवा, हाताची बोटं तशी वळवून ठेवायची. तार वर ओढायची नाही, तर बोटाच्या नखाने वरून खाली ठोकायची. आधी एका तारेवर धुनेचा सूर, मग सगळ्या तारांवरून एक झटका, मग अंगठ्याने ती आखूड पाचवी तार. एक मोठं, दोन छोटी. एक मोठं, दोन छोटी. वर्गात मुलांना बाकावर हाताने हे वाजवायला सांगा, दोन मिनिटांत जमतं. आणि मग सांगा की हे तासभर, एकाच लयीत, वर धून चालू ठेवून करायचं आहे. मग जमत नाही!

१९२५ साली एक संधी आली. ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीची माणसं नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल शहरात यंत्रं घेऊन आली होती. डोंगरातलं संगीत विकलं जातं, हे कंपन्यांच्या नुकतंच लक्षात आलं होतं. वेड वॉर्ड तेहतिशीच्या आतबाहेर. त्यांनी जाऊन एकट्याने बँजोच्या काही धुना मुद्रित केल्या. आणि मग? काहीच नाही. कंपनीने त्या तबकड्या बाजारात आणल्याच नाहीत. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, बक माउंटन बँडबरोबर पुन्हा ओकेसाठी मुद्रण झालं, ते निघालं. पण तोवर जागतिक मंदी दारात उभी होती. लोकांकडे भाकरीला पैसे नाहीत, तर तबकड्या कोण घेणार? या कंपन्यांचा डोंगरातला धंदाच बसला.

इथे एखाद्याने बँजो खुंटीला टांगला असता. बाजाराने नाकारलं म्हणजे आपल्यात काही कमी आहे, असं वाटायला वेळ लागत नाही. मोठ्यांनाही आणि मुलांना तर नाहीच नाही. वेडकाका मात्र शेतीवर परतले आणि वाजवत राहिले. ते शक्य झालं याचं एक कारण त्यांच्या अवतीभवती होतं : ऐकणारे शेजारी, लिलावाची गर्दी, आणि स्पर्धा.

या स्पर्धांची परंपरा त्या राज्यात फार जुनी आहे. व्हर्जिनियात फिडलवादकांची स्पर्धा १७३० च्या दशकातच भरल्याची नोंद आहे, तीही जत्रेसारख्या वातावरणात, आणि बक्षीस काय, तर फिडलच! शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनात युनियन ग्रोव्ह नावाच्या खेड्यात १९२४ साली एक स्पर्धा सुरू झाली, ती कशासाठी माहितेय? शाळेसाठी पैसे उभे करायला. आपण शाळेच्या वर्गखोलीसाठी नाटकाचे प्रयोग लावतो, तिकीट खपवत फिरतो, तसंच अगदी. हे वाचलं तेव्हा मला त्या अनोळखी मंडळींबद्दल एकदम जवळीक वाटली.

वेडकाकांच्या घराजवळचं शहर गॅलॅक्स. डोंगरात उगवणाऱ्या एका सदाहरित वनस्पतीचं नाव त्याला दिलेलं आहे. त्या वनस्पतीची पानं सजावटीसाठी दूरदूर विकली जायची. १९३५ साली तिथल्या मूस लॉज या मंडळाने निधी जमवण्यासाठी जुन्या फिडलवादकांचं संमेलन भरवलं. नाव संमेलन, पण स्वरूप स्पर्धेचं. ते इतकं चाललं की दरवर्षीचंच झालं आणि आजही ऑगस्टमध्ये फेल्ट्स पार्कच्या मैदानावर भरतं. फिडल, बँजो, गिटार, मँडोलिन, ऑटोहार्प, लोकगीत, लाकडी फळीवर पाय आपटून करायचा नाच, आणि ताफ्यांची स्पर्धा. बँजोमध्ये आता दोन वेगळे गट आहेत, जुन्या क्लॉहॅमरचा एक आणि नव्या ब्लूग्रासचा एक. विजेवर चालणारी वाद्यं चालत नाहीत.

हौशी माणूस तिथे उतरतो म्हणजे नेमकं काय करतो, ते सांगतो. नाव नोंदवायचं, क्रमांक घ्यायचा, रांगेत थांबायचं. थांबणं हेच खरं अवघड. मंचावर मिळतात जेमतेम दोन-तीन मिनिटं, एक धून. त्या एका धुनेसाठी लोक तासन्‌तास बँजो मांडीवर घेऊन बसतात. ऑगस्टची दमट हवा, कातडं सैल पडतं, तारा उतरतात, म्हणून मंचाच्या पायरीवर उभं राहून शेवटपर्यंत खुंट्या पिळणं चालू असतं. आणि बँजोचं एक त्रांगडं असं की वेगवेगळ्या धुनांना तारा वेगवेगळ्या सुरांत लावाव्या लागतात. ऐन वेळी धून बदलायची म्हटली तर सगळं पुन्हा लावा. म्हणून अनुभवी माणूस आधी ठरवतो आणि मग ढळत नाही. नवशिका काय करतो? पुढचा स्पर्धक काहीतरी अवघड वाजवून गेला की बिचकतो, आपली साधी धून जोरात पळवायला लागतो आणि मधेच घसरतो.

हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडची मुलं आली. काही वर्षांपूर्वी एका समूहगान स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका छोट्या शाळेची मुलं ओवीच्या चालीवरचं एक साधं गाणं घेऊन आली होती. त्यांच्या आधीच्या संघाने कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सगळं आणून दणका उडवला होता. या मुलांनी घाबरून गाणं दुप्पट लयीत म्हटलं. बाईंचा चेहरा उतरला. आणि खरं सांगू? मीही गुण देताना दणक्यालाच झुकतं माप दिलं. नंतर पुष्कळ दिवस ते मनात राहिलं. परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला माणूस काय ऐकतो आणि काय ऐकत नाही, याने पुढच्या वर्षी मुलं काय शिकून येणार ते ठरतं.

तर पुन्हा वेडकाकांकडे. गॅलॅक्सच्या त्या मंचावर ते वर्षानुवर्षं उतरत राहिले आणि बँजोचं पहिलं बक्षीस त्यांनी कितीतरी वेळा नेलं. तिथले परीक्षक आणि श्रोते त्याच मातीतले. धुनेचा कुठला वळसा कुणाच्या आजोबांचा, हे त्यांना माहीत. साधं वाजवणं म्हणजे कमी वाजवणं नव्हे, हे ओळखणारे कान समोर होते, म्हणून त्यांना आपला हात बदलावा लागला नाही.

याच सुमारास थोरल्या भावाने, क्रॉकेटने, गॅलॅक्समध्ये बॉगट्रॉटर्स हा ताफा जमवलेला होता. क्रॉकेट आणि अंकल एक डनफर्ड फिडलवर, क्रॉकेटचा मुलगा फील्ड्स गिटारवर आणि गाण्याला, डॉ. डेव्हिस ऑटोहार्पवर, आणि बँजोवर आमचे वेडकाका. एक भाऊ, दुसरा भाऊ, पुतण्या, गावचा डॉक्टर आणि एक म्हातारा गप्पिष्ट फिडलवाला. आपल्या गावातलं भजनी मंडळ याहून वेगळं असतं का हो?

१९३७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी, लोकगीतं गोळा करणारे जॉन लोमॅक्स गॅलॅक्सला आले. तबकड्या कोरणारं अवजड यंत्र बरोबर. त्यांनी बॉगट्रॉटर्सचं आणि एकट्या वेड वॉर्ड यांचंही मुद्रण केलं. बारा वर्षांपूर्वी कंपनीने जे ठेवून दिलं होतं, ते आता देशाच्या ग्रंथालयात जपलं जाऊ लागलं. त्या वेळचा ताफ्याचा एक फोटोही आहे. पाचही जण वाद्यं घेऊन आहेत, कुणी उभं, कुणी बसलेलं, चेहऱ्यावर फोटो काढून घेण्याचा तो जुना गंभीरपणा. १९४० मध्ये याच ताफ्याचं वाजवणं अमेरिकन स्कूल ऑफ द एअर या रेडिओ कार्यक्रमातून देशभर गेलं. हा कार्यक्रम शाळांसाठी होता बरं का! वर्गात रेडिओ लावून मुलांना ऐकवायचा. म्हणजे वेडकाका एका अर्थाने आपल्याच खात्यात येऊन गेले.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, ती गोड नाही. त्याच ग्रेसन काउंटीत व्हाइट टॉप नावाच्या डोंगरावर १९३१ पासून १९३९ पर्यंत लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरायचा, स्पर्धा आणि बक्षिसांसकट. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनोर रूझवेल्ट तिथे येऊन गेल्या. या महोत्सवाचे एक प्रमुख सूत्रधार जॉन पॉवेल हे उत्तम पियानोवादक आणि संगीतकार, पण वंशशुद्धीचे कट्टर प्रचारक. व्हर्जिनियात १९२४ साली आंतरवंशीय विवाहांवर बंदी घालणारा जो कडक कायदा झाला, त्यामागे हेच. त्यांच्या मते डोंगरातलं संगीत हे इंग्रज पूर्वजांचं शुद्ध संगीत होतं. साहजिकच व्हाइट टॉपच्या मंचावर कृष्णवर्णीय वादकांना जागा नव्हती. ज्यांच्या पूर्वजांनी बँजो घडवला, त्यांनाच बँजोच्या स्पर्धेत प्रवेश नाही!

स्पर्धा परंपरा जपते, असं आपण सहज म्हणून जातो. जपते, पण कुणाची, हे दारावर बसलेला ठरवतो. वेड वॉर्ड यांच्या हाताखालून निघणारा नखाचा तो आघात आफ्रिकेतून आलेला होता, आणि त्यांच्या वळणाचे कितीतरी काळे वादक व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात होते. त्यातल्या बहुतेकांपर्यंत ध्वनिमुद्रणाचं यंत्र कधी पोचलं नाही. वेडकाकांचं नाव राहिलं, त्यांची नावं गेली. हा दोष वेडकाकांचा नाही, पण त्यांची गोष्ट सांगताना हे गाळलं तर ती अर्धीच राहते. मोठ्या वर्गातल्या मुलांशी यावर बोला, मुलं फार चांगले प्रश्न विचारतात.

१९४५ च्या डिसेंबरात बँजोचं जग पालटलं. अर्ल स्क्रग्ज नावाचा विशीतला मुलगा बिल मन्रो यांच्या ताफ्यात आला आणि रेडिओवरून लोकांनी त्याचा बँजो ऐकला. तीन बोटांत नख्या घालून, तारा वर ओढत, मशिनगनसारखे सूर. तरुण पोरं वेडी झाली. क्लॉहॅमर एकदम आजोबांचा वाटायला लागला. वेडकाका तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी नख्या घेतल्या नाहीत. स्क्रग्ज वाईट वाजवायचा असं मुळीच नाही, तोही थोरच. पण वेडकाकांच्या हातात जे होतं ते त्यांना पुरेसं होतं.

त्यांचं वाद्य मात्र पाहण्यासारखं. गिब्सन कंपनीचा आरबी-११. दांडीवर आणि वरच्या टोकावर मोत्यासारखा चमकणारा प्लॅस्टिकचा पत्रा, मागे आवाज फेकणारी लाकडी थाळी. आज जुन्या पद्धतीचे शौकीन शक्यतो मागून उघडा बँजो पसंत करतात, थाळीवाला म्हणजे ब्लूग्रासचा, असं मानतात. आणि या पद्धतीचा हा नामांकित वादक थाळीवाला वाजवत होता. परंपरेचे नियम पुष्कळदा नंतर आलेले लोक करतात, हे यावरून दिसतं.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस चक्र उलटं फिरू लागलं. न्यूयॉर्क वगैरे शहरांतली कॉलेजची मुलं जुनं संगीत शोधत डोंगरात यायला लागली. त्यात एरिक डेव्हिडसन नावाचा एक विद्यार्थी होता. हा पुढे जीवशास्त्रात जगप्रसिद्ध झाला. गर्भाची वाढ जनुकं कशी घडवून आणतात, यावर त्याने आयुष्यभर काम केलं. पण सुट्टी मिळाली की स्वारी ग्रेसन काउंटीत, टेपरेकॉर्डर आणि बँजो घेऊन. वेडकाकांचा हात त्याने जवळून पाहिला, शिकला, आणि मुद्रित केला. फोकवेज कंपनीने १९६२ मध्ये काढलेल्या एका तबकडीवर केंटकीचे रॉस्को होल्कम आणि वेड वॉर्ड एकत्र आहेत. होल्कमही मजुरी करून वाजवणारा माणूस.

त्याआधी १९५९ मध्ये जॉन लोमॅक्स यांचा मुलगा ॲलन आला, या वेळी नवं स्टिरिओ यंत्र घेऊन, आणि वेडकाकांचं पुन्हा मुद्रण झालं. बापाने १९३७ ला, मुलाने १९५९ ला. मधल्या बावीस वर्षांतली दोन्ही मुद्रणं शेजारी ठेवून ऐका. रेकॉर्डिंगचा दर्जा बदलला आहे, हात तोच आहे.

पाहुणे वाढले तरी ते लिलावाला जात राहिले, गॅलॅक्सच्या मैदानावरही दिसत राहिले. त्या मैदानावरची खरी शाळा मंचाच्या मागे भरते. गाड्यांच्या आडोशाला, तंबूंमध्ये, रात्र रात्र. दोन अनोळखी माणसं एकमेकांना धुनेचं नाव विचारतात, तारा लावतात आणि वाजवायला लागतात. तिथे क्रमांक नसतो. काही हौशी वादक तर स्पर्धेत नाव नोंदवतात ते या रात्रींसाठीच. गुण कुणाला किती पडले हे सकाळपर्यंत विसरलेलं असतं, एखादी नवी धून मात्र बोटांत बसलेली असते.

वेड वॉर्ड २९ मे १९७१ रोजी वारले. वय ७८. दोन वर्षांनी फोकवेजने त्यांच्या स्मरणार्थ अंकल वेड या नावाची तबकडी काढली. त्यांचा तो मोतिया दांडीचा बँजो आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत ठेवलेला आहे.

वर्गात ऐकवायचं असेल तर सुरुवात चिली विंड्सने करा. मुलांना आधी काहीच सांगू नका, फक्त बाकावर ते एक मोठं आणि दोन छोटी वाजवायला लावा. मग जून ॲपल. ती उड्या मारणारी आहे, धाकट्या वर्गांना आवडते. पीच बॉटम क्रीक शेवटी ठेवा, आणि ती लावण्याआधी नकाशात तो ओढा शोधायला सांगा. आमच्या सातवीच्या एका मुलीला तो सापडला, आणि मग तिने विचारलं की आपल्या गावच्या ओढ्याच्या नावाचं गाणं आहे का. मला माहीत नव्हतं. तिला आजीला विचारून यायला सांगितलं आहे.